फॅक्सच्या माहितीपुस्तिकेतले शब्द : कोणता फोनचा, कोणता नेटवर्कचा?

अंबडचा_हिशेबनीस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्या मालकांचा यंत्रभाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. तिथे मी गेली एकोणीस वर्षे हिशेब, पत्रव्यवहार आणि ज्यांना कुणी धनी नाही अशी सगळी कामे पाहतो. फॅक्स हे त्या शेवटच्या प्रकारातले काम. आमचे एक जपानी गिऱ्हाईक आजही मागणीपत्र शिक्का मारून फॅक्सनेच पाठवते आणि त्यावर सही करून तोच कागद आम्ही फॅक्सनेच परत करावा, अशी त्यांची अट आहे. ई-मेल चालेल का, असे आम्ही दोनदा विचारले. दोन्ही वेळा अतिशय नम्र नकार आला, तोही फॅक्सवर.

दिवाळीनंतर आमची तांब्याची लँडलाइन गेली आणि फायबर आली. ०२५३ चा जुना क्रमांक तोच राहिला, पण फोनची वायर आता फायबरच्या पांढऱ्या डबीतून निघते. त्याच आठवड्यात रोलचे जुने यंत्र काढून छपाई, स्कॅन, झेरॉक्स आणि फॅक्स अशी चारही कामे करणारे नवे यंत्र घेतले. दोन बदल एकदम केले ही चूक माझीच, कारण पुढे जे बिघडले ते नेमके कशामुळे बिघडले, हे ठरवता येईना.

रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास, म्हणजे जपानात दुपारचा एक वाजतो तेव्हा, फोन वाजायचा. आमच्या ऑफिसातल्या मावशी तो उचलायच्या आणि "कुणी तरी मेलं शिट्टी वाजवतंय" म्हणून आपटायच्या. पंधरा दिवसांनी मागणीपत्राचे काय झाले, अशी तिकडून विचारणा आली, तेव्हा ती शिट्टी कुणाची होती हे आम्हाला कळले. मग तो फोन मावशींनी उचलायचा नाही, मी उचलून यंत्राचे बटण दाबायचे असे ठरले. तेव्हा फॅक्स येऊ लागले, पण तीन पानांपैकी दीड पान उमटायचे आणि अहवालावर 'संपर्क त्रुटी' एवढेच छापलेले असायचे.

माहितीपुस्तिका उघडली आणि न कळलेले शब्द वहीत उतरवत गेलो. ईसीएम, सुपर जी-३, व्ही.३४, टी.३८, टीएसआय, सबनेट मास्क, गेटवे, डीएचसीपी, पोर्ट अशी दोन पाने भरली. एकेका शब्दाचा अर्थ शोधला की तो आणखी चार शब्द घेऊन येतो. जाणकारांनी हे शब्द कामाच्या क्रमाने उलगडून सांगावेत, ही विनंती. निव्वळ कोशातला अर्थ नको. तो शब्द बिघडला म्हणजे काय होते, हेही सांगावे.

---

निवृत्त_लाइनमन

हिशेबनीस, तुमच्या वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे फोनच्या तारेचे शब्द लिहा आणि उजवीकडे नेटवर्कच्या तारेचे. तुमच्या यादीतला गोंधळ निम्मा इथेच मिटेल.

यंत्राच्या पाठीमागे पाहा. फोनची वायर जाते ते आरजे-११ चे लहान भोक, त्यावर 'लाइन' असे लिहिलेले असते. त्याच्या शेजारी तसेच दुसरे भोक असते, ते जोडफोनासाठी. आणि थोडे मोठे, आठ पितळी रेघांचे, ते आरजे-४५, नेटवर्कचे. फॅक्स जातो आणि येतो तो लहान भोकातून, आवाजाच्या रूपाने. मोठ्या भोकातून छपाई आणि स्कॅन चालते. नेटवर्कची वायर लावली म्हणून फॅक्स इंटरनेटवरून जाऊ लागला, असे होत नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या ऑफिसांचा हाच समज आहे. संगणकावरून 'फॅक्स पाठवा' दाबले, तरी कागदाचे चित्र नेटवर्कने यंत्रापर्यंतच जाते आणि तिथून यंत्र फोनच फिरवते.

आता डावीकडच्या शब्दांचा क्रम सांगतो. टेलिफोन खात्यात असताना लाइनवर कान लावून मी हे आवाज इतके ऐकले आहेत की अजूनही झोपेत ओळखीन.

फोन करणारे यंत्र दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झची शिट्टी देते. तिला सीएनजी म्हणतात. पेट्रोल पंपावरच्या सीएनजीशी तिचा काही संबंध नाही. 'मी माणूस नव्हे, फॅक्स आहे' एवढाच तिचा अर्थ. मावशींना ऐकू आली ती हीच. समोरचे यंत्र उचलते आणि २१०० हर्ट्झचा सलग सूर तीनेक सेकंद लावते, तो सीईडी. त्यानंतर जी खरखर ऐकू येते तिलाच हँडशेक म्हणतात. तो सेकंदाला फक्त ३०० बिट इतक्या सावकाश चालतो, कारण ओळखपाळख चुकली तर पुढचे सगळेच चुकते.

ओळखपाळखीत आधी बोलते ते फोन घेणारे यंत्र. मला कोणता वेग जमतो, कोणता कागद आहे, चूक दुरुस्त करता येते का, ही यादी ते वाचते. त्या यादीचे नाव डीआयएस. फोन करणारे यंत्र त्यातून निवड करून 'मग असे करू' असे कळवते, तो डीसीएस. त्याच वेळी दोघे आपापला क्रमांकही सांगतात. करणाऱ्याचा टीएसआय, घेणाऱ्याचा सीएसआय. दोन्ही २० अक्षरांपर्यंत. नवीन यंत्रात हा क्रमांक भरलेला नसेल, तर समोरच्याच्या अहवालावर तुमच्या जागी कोरी जागा छापली जाते. तो आजच भरा.

मग लाइनची परीक्षा होते. ठरलेल्या वेगाने दीड सेकंद नुसती शून्ये पाठवली जातात. ती नीट पोहोचली तर 'पाठवा', नाही तर वेग एक पायरी खाली. या पायऱ्या १४४००, १२०००, ९६००, ७२००, ४८०० आणि २४०० अशा आहेत. पान संपले की 'अजून आहे' किंवा 'संपले' असा संकेत जातो, समोरून एमसीएफ म्हणजे पोहोच येते आणि दोघे फोन ठेवतात. हा सगळा शिष्टाचार टी.३० या नियमावलीत आहे आणि चित्र कसे बांधायचे ते टी.४ मध्ये. दोन्ही मिळून जो प्रकार होतो, त्याला ग्रुप ३ म्हणतात. तो १९८० साली ठरला. त्याआधी ग्रुप १ च्या यंत्राला एका पानासाठी सहा मिनिटे लागत आणि ग्रुप २ ला तीन. सुपर जी-३ म्हणजे ग्रुप ३ च, पण व्ही.३४ जातीच्या मोडेमवर (बिटांचे सूर आणि सुरांचे बिट करणारा भाग तो मोडेम), ३३६०० वेगाने. चांगल्या तांब्यावर तो झकास चालतो. तुमच्या फायबरच्या फोनवर त्याचीच मला शंका आहे, पण त्याआधी एक सांगा : तुमचे यंत्र फोन आपोआप घेते की हाताने? मावशींना दोष देऊ नका. फॅक्स स्वीकारण्याची पद्धत 'मॅन्युअल' असेल, तर शिट्टी माणसाच्याच कानात जाणार.

---

पिंपळगाव_द्राक्षे

वाचतो आहे. आमच्या निर्यातीच्या कामात फॅक्स आता वर्षातून चार-दोन वेळाच लागतो, पण लागतो तेव्हा नड मोठी असते. दोन अडचणी मांडतो.

पहिली अशी की, आमच्याकडे अजून थर्मल रोलचे यंत्र आहे. गेल्या हंगामातले एक महत्त्वाचे पत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून गाडीच्या काचेखाली राहिले. आठ दिवसांनी पाहतो तर निम्मा कागद करडा आणि अक्षरे गायब. तेव्हापासून फॅक्स आला की आधी झेरॉक्स काढतो आणि झेरॉक्सच फायलीला लावतो.

दुसरी अडचण : प्रमाणपत्रावरचा गोल शिक्का समोरच्याला वाचता येत नाही. 'फाइन' दाबले तर वाचता येतो, पण वेळ दुप्पट लागतो. असे का होते?

---

निवृत्त_लाइनमन

थर्मल कागदाला शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. तेव्हा उन्हाने त्याचे जे झाले ते त्याच्या स्वभावाला धरूनच झाले. झेरॉक्सचा रिवाज सोडू नका.

फाइनचे गणित सोपे आहे. फॅक्स कागदाकडे अक्षर म्हणून पाहत नाही, आडव्या ओळींचे चित्र म्हणून पाहतो. ए-४ च्या रुंदीत १७२८ ठिपके असतात आणि साध्या प्रतीत दर मिलिमीटरला ३.८५ ओळी. म्हणजे पूर्ण पानाला सुमारे ११४३ ओळी आणि जवळजवळ २० लाख ठिपके. ते जसेच्या तसे ९६०० च्या वेगाने पाठवले, तर साडेतीन मिनिटे लागतील. फाइनमध्ये मिलिमीटरला ७.७ ओळी होतात, म्हणून शिक्का सुटा दिसतो आणि वेळ वाढतो.

प्रत्यक्षात साडेतीन मिनिटे लागत नाहीत, याचे श्रेय माहितीपुस्तिकेत एमएच, एमआर, एमएमआर अशा नावांनी दिसणाऱ्या संक्षेपाला आहे. लासलगावच्या बाजारात कुणी कांदे मोजत नाही, तसे इथे कुणी ठिपके मोजून पाठवत नाही. सलग पांढरे किती, मग सलग काळे किती, एवढेच कळवले जाते. एमएच पद्धतीत पूर्ण कोऱ्या ओळीचे १७२८ पांढरे ठिपके फक्त १७ बिटांत बसतात, शेवटी ओळ संपल्याची खूण तेवढी वेगळी. याच कारणाने काळ्या पार्श्वभूमीचा नक्षीदार लेटरहेड किंवा छायाचित्र फॅक्सला नको असते. लहान लहान काळ्या-पांढऱ्या तुकड्यांत संक्षेप कुचकामी ठरतो.

---

सातपूरची_अभियंता

काकांनी डावी बाजू इतकी चांगली मांडली आहे की उजवीकडचे थोडक्यात सांगते. कार्यालयांची नेटवर्के जोडून देणे हे माझे रोजचे काम आहे.

आयपी पत्ता हा यंत्राचा ऑफिसपुरता पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. सबनेट मास्क सांगतो की आपली गल्ली कुठपर्यंत आहे. २५५.२५५.२५५.० लिहिले असेल, तर पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे शेजारी. अशा गल्लीत २५४ यंत्रे मावतात. गल्लीबाहेर जायचे असेल, तर गेटवे. नाशिककरांना द्वारका चौकाचे उदाहरण पुरेल : पुण्याला जा की धुळ्याला, आधी द्वारकेला यायचे. डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतो. मॅक पत्ता कारखान्यातच दिलेला १२ चिन्हांचा क्रमांक आहे आणि जागा बदलली तरी तो बदलत नाही.

डीएचसीपी म्हणजे राउटरने यंत्रांना तात्पुरते पत्ते वाटणे, आणि तक्रारी सर्वांत जास्त याच्याच येतात. सोमवारी यंत्राला शेवटचा आकडा ५० मिळतो, वीज जाऊन आली की ५७ मिळतो आणि संगणक मात्र ५० च्या दारावर छपाईचे कागद घेऊन उभा राहतो. राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून यंत्राचा आयपी राखून ठेवला की हा त्रास थांबतो.

आता ज्या शब्दांनी माणसे खरोखर फसतात, त्यांकडे वळते. 'पोर्ट' म्हणजे काकांनी सांगितलेले भोकही आणि नेटवर्कवरचा दाराचा क्रमांकही. छपाईचा ९१००, ई-मेल पाठवण्याचा ५८७ वगैरे. 'गेटवे' म्हणजे ऑफिसचे बाहेर जायचे दार आणि फोनच्या दुनियेत आवाजाचे पॅकेट, म्हणजे आकड्यांचे छोटे गठ्ठे, करणारे उपकरणसुद्धा. सर्वांत धोकादायक जोडी 'फॉरवर्डिंग'ची आहे. फॅक्स फॉरवर्डिंग म्हणजे आलेला फॅक्स ई-मेलवर किंवा दुसऱ्या क्रमांकावर पुढे पाठवणे. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला तुमच्या यंत्राचे दार उघडून देणे. फॅक्स येत नाही म्हणून कुणी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून देऊ लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

स्कॅनबद्दलही दोन ओळी. नवा संगणक घेतल्यावर 'स्कॅन टू फोल्डर' बंद पडते, याचे नेहमीचे कारण एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याच्या भाषेची, पहिली आवृत्ती. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ती मुळात बसवलेलीच येत नाही आणि जुन्या यंत्राला दुसरी भाषा येत नाही. 'स्कॅन टू ई-मेल' बंद पडले असेल आणि खाते जीमेलचे असेल, तर नेहमीचा पासवर्ड यंत्रात चालत नाही. मे २०२२ पासून त्यासाठी वेगळा ॲप पासवर्ड लागतो.

---

पंचवटीचा_वकील

विषय सोडत नाही, पण अहवालावरच्या 'ओके' या शब्दाबद्दल लिहायलाच हवे, कारण आमचे पक्षकार तो कागद घेऊन फार विश्वासाने येतात. वर आलेल्या माहितीवरून मला असे समजते की 'ओके' म्हणजे समोरच्या यंत्राने एमसीएफ दिला. कागद छापला गेला, कुणी उचलला किंवा वाचला, असे त्यातून काहीच कळत नाही. हे बरोबर आहे का?

उलट बाजूचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारे मेहबूबा मुफ्ती यांचे पत्र राजभवनाच्या फॅक्सवर जाईना आणि त्याच दिवशी विधानसभा बरखास्त झाली. ईदची सुट्टी असल्याने यंत्राजवळ कुणी नव्हते, असे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितले.

---

निवृत्त_लाइनमन

वकीलसाहेब, अगदी बरोबर. आलेले पान यंत्राच्या मेमरीत शिरले तरी पोहोच मिळू शकते. कागद संपलेला असेल तर ते तिथेच पडून राहते. 'बिझी' म्हणजे लाइन गुंतलेली. 'नो आन्सर' म्हणजे घंटा वाजली पण यंत्राने उचलले नाही, किंवा माणसाने उचलून नुसते 'हॅलो' केले. 'संपर्क त्रुटी' म्हणजे बोलणे सुरू होऊन मध्येच तुटले. हे तीन शब्द वेगवेगळ्या ठिकाणी बोट दाखवतात, म्हणून अहवाल फाडून टाकू नये.

---

अंबडचा_हिशेबनीस

सर्वांचे आभार. स्वीकारण्याची पद्धत खरोखरच 'मॅन्युअल' निघाली. ती 'फॅक्स/फोन' केली. रेघ मारून यादी दोन भागांत केली, तेव्हा उजवीकडचे काही माझ्या अडचणीचे नाही हे लगेच दिसले. एक शब्द मात्र कुठे लिहावा ते कळेना : टी.३८. तो फॅक्सचाही वाटतो आणि नेटवर्कचाही.

शिवाय यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ईसीएम बंद करायला सांगितले. तसे केल्यावर तिन्ही पाने आली, पण दुसऱ्या पानावरच्या आकृतीत एका छिद्राचे माप १८५ मिलिमीटर दिसले. तो अख्खा भागच ९० मिलिमीटरचा आहे. मूळ माप १८.५ होते, दशांश चिन्ह वाटेत गळाले होते. यंत्रावरच्या कारागिराला हसू आले म्हणून बचावलो.

---

निवृत्त_लाइनमन

तुमचा दशांश बिंदू कुठे गेला, ते सांगता येते. साध्या प्रतीत मिलिमीटरला चारही ओळी नसतात, तेव्हा बारीक बिंदू एका ओळीत मावतो. ती ओळ बिघडली की यंत्र तिच्या जागी पांढरी किंवा वरचीच ओळ छापते आणि पुढे जाते. ईसीएम म्हणजे चूक दुरुस्तीची पद्धत. तिच्यात चित्राचे २५६ बाइटांचे तुकडे पाडून प्रत्येकावर तपासणीचा आकडा घालतात, एका खेपेला जास्तीत जास्त २५६ तुकडे जातात आणि जे खराब पोहोचले तेवढेच पुन्हा मागवले जातात. वाईट लाइनवर हे मागवणे इतके वाढते की यंत्र कंटाळून फोन ठेवते. म्हणून 'ईसीएम बंद करा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि फॅक्स गेल्यासारखा दिसतो. मजकुराच्या पत्राला तो एक वेळ चालेल. मापांच्या आकृतीला मी कधीच देणार नाही.

आता टी.३८. तो बरोबर तुमच्या रेघेवर बसतो. फायबरच्या डबीत, म्हणजे ओएनटीमध्ये, तुमच्या फॅक्सचा आवाज आकड्यांत बदलून पॅकेटात भरला जातो. हे भरण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जी.७११ मध्ये आवाज जवळपास जसाच्या तसा, सेकंदाला ६४ हजार बिटांत जातो. जी.७२९ मध्ये तो ८ हजारांत दाबतात. माणसाचा आवाज कळतो, पण ती पद्धत माणसाच्या गळ्यासाठी बेतलेली असल्याने फॅक्सच्या सुरांचे तिच्यात भरीत होते. एका पॅकेटात बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. बोलताना एखादे पॅकेट हरवले तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. फॅक्सला मात्र ९६०० च्या वेगाने १९२ बिटांचा खड्डा पडतो आणि ३३६०० च्या वेगाने ६७२ बिटांचा. त्यातून मोडेमचा ताल सुटला की पुढचे पानच जाते. पॅकेटे मागेपुढे पोहोचतात त्याला जिटर म्हणतात आणि शांतता असताना काहीच न पाठवण्याची जी काटकसर असते, तीही फॅक्सला बाधते.

टी.३८ मध्ये आवाज पाठवण्याचा आग्रहच सोडला जातो. फोनकडचे उपकरण फॅक्सचे सूर ऐकून त्यातले बिट काढते, ते पॅकेटात पाठवते आणि प्रत्येक पॅकेटात मागच्याची प्रतही घालता येते, म्हणजे एखादे हरवले तरी भागते. पलीकडचे उपकरण त्यातून पुन्हा सूर तयार करते. तुमच्या यंत्राला यातले काही कळत नाही. यासाठी सेवा देणाऱ्या कंपनीच्या दोन्ही टोकांची तयारी हवी.

तेव्हा त्यांना फोन करून 'फॅक्स जात नाही' असे म्हणू नका. 'या क्रमांकाला टी.३८ चालू आहे का, नसेल तर जी.७११ पक्के करा आणि शांतता दाबणे बंद करा' असे म्हणा. यंत्रात सुपर जी-३ बंद करा, वेग ९६०० ला बांधा, ईसीएम परत चालू करा. आणि एक राहिले. तांब्यातून एक्सचेंजची ४८ व्होल्ट वीज येत असे, म्हणून वीज गेली तरी साधा फोन वाजायचा. फायबरमधून वीज येत नाही. डबीला यूपीएस नसेल, तर भारनियमनात तुमचा क्रमांकच मेलेला असेल.

---

सातपूरची_अभियंता

काकांना एक पुरवणी. जुन्या पुस्तिकांत '९६०० बॉड' लिहिलेले आढळते, ते चूक आहे. बॉड म्हणजे सेकंदाला किती वेळा संकेत बदलतो ते. व्ही.२९ मोडेममध्ये तो २४०० वेळा बदलतो आणि दर बदलात चार बिट जातात, म्हणून ९६०० बिट होतात.

---

अंबडचा_हिशेबनीस

उशिरा लिहितो आहे, कारण कंपनीच्या तक्रार केंद्रावर टी.३८ हा शब्द समजणारा माणूस तिसऱ्या फोनला भेटला. त्याने पंधरा मिनिटांत काही तरी बदलले आणि मला यंत्र बंद करून चालू करायला सांगितले. आमच्या क्रमांकाला आधी दाबलेला कोडेक होता, एवढे त्याने कबूल केले. यंत्रात काकांनी सांगितले तसे केले, ताईंच्या सांगण्याप्रमाणे राउटरमध्ये पत्ता राखला आणि डबी हिशेबाच्या संगणकाच्या यूपीएसवर घेतली.

काल सकाळचा अहवाल समोर आहे : पाने ३, वेग ९६००, ईसीएम, वेळ २ मिनिटे ४१ सेकंद, निकाल ओके. आकृती मूळ मापांशी ताडून पाहिली, १८.५ चा बिंदू जागेवर आहे. जपानी गिऱ्हाईकाला पुढच्या आकृत्या फाइनवर पाठवण्याची विनंती केली आहे, अर्थात फॅक्सने.

मावशींना आता ती शिट्टी ओळखू येते. चुकून फोन उचललाच तर "जपान आलंय" म्हणतात आणि यंत्राचे हिरवे बटण दाबून रिसीव्हर ठेवतात.

---

निवृत्त_लाइनमन

छान झाले. मावशींना एवढे सांगा की हिरवे बटण दाबल्यावर पडद्यावर 'स्वीकारत आहे' असे दिसू द्यावे आणि मगच रिसीव्हर ठेवावा. त्याआधी ठेवला तर जपान परत जातो.